कोनरादाचे पाय कोण खातंय?

त्या रविवारी लुबिगान गावच्या चॅपेलसमोर मुंगी शिरायला जागा नव्हती. प्रार्थना कधीच संपली होती, पाद्री पुढच्या गावाला निघून गेला होता, पण एकही माणूस घरी जायला तयार नव्हता. होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होत्या. बायका पोरांना छातीशी धरून उभ्या होत्या. आणि आंब्याच्या सावलीत, मधोमध मांडलेल्या बाकावर, उर्बानो मांत्रिक एक पिवळं फडकं पसरत होता.

"हे साधं फडकं नाही," तो म्हणाला. "सात डोंगरांवरच्या सात झऱ्यांत भिजवलंय. याला माणसाचा हात लागला तर हे गप्प बसतं. आस्वांगचा हात लागला तर रडतं. रक्ताचे अश्रू रडतं."

सात डोंगर कोणते, असं कुणी विचारलं नाही. गावातून डोंगर दिसत होते दोनच.

बाकाजवळच्या खुर्चीत कोनरादा बसली होती. साठीची बाई, बाजारात तांदळाची केळीच्या पानातली गोड वडी विकणारी, साऱ्या गावाची 'माना', म्हणजे मोठी बहीण. तिच्या दोन्ही पायांना चिंध्या बांधलेल्या होत्या. गेल्या महिन्यात एका सकाळी ती उठली तेव्हा चटईवर रक्त होतं आणि उजव्या पायाच्या करंगळीचं टोक जागेवर नव्हतं. रात्री तिला काहीच कळलं नव्हतं. दुखलं नव्हतं, जागसुद्धा आली नव्हती. मग आठवड्याभरानं दुसऱ्या पायाची टाच. दार आतून बंद, खिडकीला अडसर, आणि तरी रात्री कुणीतरी येऊन तिचे पाय खाऊन जात होतं.

असं कोण करतं हे लुबिगानमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दिवसा चारचौघींसारखी वावरणारी आणि रात्री माणसाचं रक्तमांस शोधत फिरणारी बाई, म्हणजे आस्वांग. प्रश्न एवढाच होता, की गावातली कोणती बाई.

"एकेक या," उर्बानो म्हणाला. "हात ठेवा, दाबा, उचला."

बायका येत गेल्या. हात ठेवताना प्रत्येकीचा चेहरा पांढराफटक पडे आणि उचलल्यावर जीव भांड्यात पडे. फडकं पिवळंच. मग पुरिंगची पाळी आली.

पुरिंग म्हणजे कोनरादाच्या शेजारची विधवा. मासे धुरी देऊन सुकवायचा तिचा धंदा, त्यामुळे डोळे कायम लाल. तोंडात कायम विड्याचा तोबरा. सकाळची पहिली कॉफी ती कोनरादाच्या पायरीवर बसून प्यायची, वीसेक वर्षं. ती पुढे आली, विडा गालात सरकवला आणि म्हणाली, "लवकर आटपा रे, माझी भट्टी पेटलेली आहे."

तिनं हात ठेवला. उचलला. फडक्यावर तीन बोटांचे लालभडक ठसे उमटले होते.

मग गर्दी मागे सरली, लाट ओसरावी तशी, आणि मध्ये पुरिंग एकटी उरली. तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, आणि कोनरादाकडे पाहिलं.

कोनरादानं आपली खुर्ची मागे ओढली.

*

गावचा प्रमुख, ज्याला सगळे कॅप्टन म्हणत, त्यानं पुरिंगला गाव सोडायला पुढच्या रविवारपर्यंत मुदत दिली. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या घरी तान्हं नातवंड होतं आणि तो घाबरलेला होता. सगळेच घाबरलेले होते. दिवेलागणीला दारं बंद होऊ लागली. पुरिंगचे मासे कुणी घेईना. कुणीतरी तिच्या भट्टीवर दगड मारून मडकी फोडली.

उर्बानोचा मुक्काम मात्र वाढला. रोज कुणाच्या तरी घरी त्याच्यासाठी कोंबडी कापली जाऊ लागली. कोनरादाला त्यानं उपाय बांधून दिला. झोपताना दोन्ही पायांना खोबरेल तेल चोपडायचं, 'म्हणजे तिचे दात घसरतील'. चटईच्या पायथ्याशी पानावर चिकट भात आणि कोंबडीचं काळीज ठेवायचं, 'म्हणजे ती पाय सोडून ते खाईल'. चटईभोवती चुलीतल्या राखेचं रिंगण घालायचं. आणि पहाटे उठल्याबरोबर डोळे मिटून ती राख झाडून टाकायची.

"डोळे मिटून का?" कोनरादानं भीतभीत विचारलं.

"तिची पावलं बघितली तर दृष्टी जाईल," उर्बानो म्हणाला. "पाय हवेत की डोळे, तुझं तू ठरव."

कोनरादानं सगळं इमानेइतबारे केलं. झोप लागू नये म्हणून ती गाणी म्हणायची, जपमाळ ओढायची, पण दिवसभर चुलीशी राबलेल्या बाईला झोप येतेच. आणि सकाळी नवी जखम असायची. काळीज फस्त, भात फस्त, आणि पायही. उजव्या अंगठ्याखाली आता एवढा खड्डा पडला होता की त्यात बोटाचं पेर मावलं असतं. त्याला वास येऊ लागला होता. तिला अंगात कसकस वाटायची.

"उपाय लागू पडतोय," उर्बानोनं वास घेऊन सांगितलं. "विष बाहेर येतंय."

दुखत कसं नाही, हा प्रश्न कोनरादाला पडला होता, पण तिनं तो स्वतःशीच दाबून टाकला होता. तिला बरीच वर्षं साखरेचा आजार होता. पूर्वी तिच्या तळव्यांची अशी आग व्हायची की ती ओल्या वाळूत जाऊन उभी राहायची. मग कधीतरी ती आग आपोआप थांबली. आजार उतरला असं समजून तिनं मेणबत्ती लावली आणि आरोग्य केंद्रात जाणं सोडून दिलं. गोळ्याही सोडल्या. आता कधी चपलेतून पाय निघाला तरी चार पावलं गेल्यावर कळायचं, तेही खाली पाहिलं तर.

*

गुरुवारी सकाळी पायरीवर पावलं वाजली. कोनरादानं फटीतून पाहिलं आणि ती दारापासून मागे सरकली. पुरिंग उभी होती.

"दार उघड."

"जा बाई इथून. मी ओरडेन."

"ओरड. कोण येतंय बघू. सगळे कड्या लावून बसलेत." पुरिंगचा आवाज बसलेला होता. "मी तुझे पाय खाल्लेत ना, कोनरादा? मग ते पाय मला एकदा दाखव. आणि मग ज्याला पायातलं कळतं त्याला दाखवू. डॉक्टरीण म्हणाली की हे आस्वांगचं काम, तर मी आजच्या आज गाव सोडते. रविवारचीही वाट बघत नाही."

"मांत्रिक म्हणतो..."

"मांत्रिक तुझी कोंबडी खातो. तो आणखी काय म्हणणार?"

मग दार उघडलं. धाडस आलं म्हणून नव्हे, कोनरादाला ताप चढला होता आणि एकटीनं घरात आणखी एक रात्र काढण्याची तिला या लालडोळ्या बाईपेक्षाही जास्त धास्ती वाटत होती.

पुरिंगनं तिला तीनचाकीत बसवलं. बाकावर जागा दोघींपुरतीच. गाडी खड्ड्यात आपटली की पुरिंगचा खांदा तिच्या खांद्याला लागे आणि कोनरादा गळ्यातला क्रूस मुठीत घट्ट धरी. पुरिंगला ते दिसत होतं. ती समुद्राकडे बघत बसली.

"वीस वर्षं तुझ्या हातची कॉफी प्यायले," ती शेवटी म्हणाली. "खायचंच असतं तर एवढं थांबले असते?"

कोनरादानं क्रूस सोडला नाही.

*

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर सालासार पस्तिशीच्या असाव्यात. त्यांनी चिंध्या सोडल्या आणि दोन्ही पाय नीट पाहिले. बोटांच्या बेचक्या, नखं, टाचा, तळवे. मग ड्रॉवरमधून एक काडी काढली, टोकाला नायलॉनच्या जाड धाग्याचा तुकडा लावलेली.

"माना, डोळे मिटा. मी हा धागा तुमच्या पायाला लावीन. कळलं की 'हो' म्हणा."

कोनरादानं डोळे मिटले आणि वाट बघू लागली. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. पंखा कुरकुरत होता. ती वाट बघत राहिली.

"करा ना सुरू, डॉक्टर."

"झालं, माना."

कोनरादानं डोळे उघडले. दाराशी उभी असलेली पुरिंग तोंडावर हात ठेवून तिच्याकडे बघत होती.

"खरंच लावला?"

"तळव्याला सगळीकडे. अंगठ्याला तर दोनदा." डॉक्टरांनी चिमटा उचलला, तिच्या डाव्या टाचेतून काहीतरी ओढून काढलं आणि ते ताटलीत टाकलं. टक्कन आवाज झाला. शिंपल्याचा नखाएवढा तुकडा होता, काठानं पात्यासारखा. "हा बरेच दिवस आत आहे. याच्यावर तुम्ही चालत होता."

कोनरादा त्या तुकड्याकडे बघत राहिली. आस्वांगची भीती वेगळी होती. ती बाहेरून यायची, तिला दार लावता यायचं. ही भीती तिच्या घोट्याखाली होती. हे दोन पाय तिला जन्मापासून लागलेले होते, आणि त्यांचं काय चाललंय हे तिला ठाऊकच नव्हतं.

"माझी आग थांबली होती," ती पुटपुटली. "मला वाटलं बरं झालं."

"आग विझली नाही, माना. ती तुम्हाला कळायची थांबली. रक्तात साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा मरतात. पाय राहतो, चालतो, पण ओरडत नाही. चटका बसला, काच घुसली, चप्पल चावली, तरी गप्प." मग त्यांनी अंगठ्याखालच्या जखमेवर दिवा धरला. "आणि आता ही कड बघा. पुरिंग, तुम्हीही या. या बारीक रेघा दिसतात? जोडीजोडीनं, शेजारी शेजारी. हे दात आहेत."

पुरिंग दोन पावलं मागे सरली. "माझे नाहीत."

"तुमचे कसे असतील? तुमचे विड्यानं झिजलेत." डॉक्टर पहिल्यांदाच किंचित हसल्या. "हे उंदराचे आहेत. तुमचं घर खांबांवर ना? खाली काय साठवता, माना?"

"सुकं खोबरं," कोनरादा म्हणाली, आणि पुढचं तिच्या तोंडून आपोआप आलं. फडकं, तेल, भात, काळीज, राख, मिटलेले डोळे, सगळं.

डॉक्टर ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा कठीण होत गेला. "म्हणजे त्यानं उंदरांना रोज जेवायला बोलावलं आणि ताटात तुमचे पाय वाढले," त्या म्हणाल्या. "तुम्हाला शहरातल्या इस्पितळात जावं लागेल. ही जखम हाडापर्यंत गेली असेल तर बोटं वाचायची नाहीत. उशीर केला तर पाऊल जाईल."

"जाते," कोनरादा म्हणाली. तिनं पुरिंगकडे पाहिलं नाही. "पण हिचं काय? मी गेले की रविवारी हिला हाकलतील."

डॉक्टरांना क्षणभर राग आला असावा. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "आज इथेच झोपा. औषध सुरू करते. उद्या दुपारच्या आत शहरात, मग कुणाचं काही ऐकणार नाही. तोवर मी तुमच्या कॅप्टनला भेटते."

*

त्या संध्याकाळी कॅप्टनच्या देखत कोनरादाच्या घरात सगळं नेहमीसारखं मांडलं गेलं. राखेचं रिंगण, पानावर भात आणि काळीज. फक्त चटईवर कोनरादाच्या जागी केळीच्या खांबाचे दोन तुकडे ठेवले, चादरीखाली, आणि त्यांच्या टोकांना खोबरेल तेल चोपडलं. कॅप्टननं दाराला आपलं कुलूप घातलं. पुरिंगला त्याच्या बायकोच्या खोलीत झोपवलं. उर्बानोला कळवलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "आस्वांगला माणूस आणि केळ यातला फरक कळतो."

सकाळी अंगण पुन्हा भरलं. कोनरादाला डॉक्टरांनी गाडीतून आणलं होतं. ती गाडीतच बसून राहिली, पाय उंच ठेवून. कॅप्टननं कुलूप काढलं. आधी कुणीच आत जाईना. मग तोच छातीवर क्रूसाची खूण करून शिरला आणि राखेपाशी वाकला.

"या आणि बघा," त्याचा आवाज आला. "डोळे उघडे ठेवून या."

राखेत शेकडो इवली पावलं होती, एकमेकांवरून गेलेली, आणि त्यांच्या मधून शेपटीची ओढत गेलेली रेघ. भात संपला होता. केळीच्या खांबांची तेलकट टोकं कुरतडून खडबडीत झाली होती, आणि कोपऱ्यात, जमिनीच्या बांबूच्या पट्ट्या जिथे सुटल्या होत्या, तिथे लेंड्यांचा सडा पडला होता. माणसं वाकून बघत होती, एकमेकांना दाखवत होती. एका म्हातारीनं लेंडी चपलेनं उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "असल्या तर माझ्याकडेही आहेत."

उर्बानो गडबडला नाही. "हेच तर मी म्हणतो," तो दारातून म्हणाला. "आस्वांग पाहिजे ते रूप घेते. काल तिनं उंदराचं घेतलं."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. पारडं पुन्हा झुकायला लागलं.

"काल रात्री पुरिंग कुठे होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्याशेजारी," कॅप्टनची बायको म्हणाली. "इतकी घोरत होती की माझा डोळ्याला डोळा लागला नाही."

"देह घोरत होता," उर्बानो म्हणाला. "आत्मा इकडे होता. फडक्यानं दाखवलंच आहे. फडकं खोटं बोलत नाही."

"मग फडक्यालाच विचारू," डॉक्टर म्हणाल्या. "कॅप्टन, तुमचे हात राखेनं भरलेत. साबणानं धुवा. कपडे धुवायचा साबण चालेल. फार खळबळून धुवू नका, तसेच या."

उर्बानो फडकं पिशवीत कोंबायला लागला, पण चारजणांनी ती पिशवी धरली. कॅप्टननं ओला हात पिवळ्या कापडावर ठेवला आणि उचलला.

पाच बोटं आणि पंजा, लालभडक.

कॅप्टनच्या शेजारचे लोक झटकन बाजूला झाले. त्याची बायकोसुद्धा. तो आपल्या हाताकडे बघत उभा होता. "मी नाही," तो म्हणाला. "देवाशपथ, मी नाही."

"तुम्ही नाहीच," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "आणि पुरिंगही नव्हती. बघा, काल-परवापर्यंत तुम्ही शहाणीसुरती माणसं होता, आणि आता साबणाला घाबरून कॅप्टनपासून पळताय." त्यांनी फडक्याचा कोपरा नाकाशी नेला आणि तो पुढच्या बाईच्या हातात दिला. "वास घ्या. हळद आहे. हळदीला साबण लागला, चुना लागला, राखेचं पाणी लागलं, तर ती लाल होते. कुणाच्याही हाताची. पुरिंग विडा खाते, तिच्या बोटांना दिवसभर चुना असतो. या माणसानं ते आधी हेरलं, आणि जिच्या पाठीशी कुणी नाही अशी बाई निवडली."

त्या म्हातारीनं आपल्या कमरेची चुन्याची डबी काढली, बोट बुडवलं आणि फडक्यावर ओढलं. लाल रेघ उठली. मग दुसरीनं ओढली. मग सगळेच पुढे सरसावले. बघता बघता सात झऱ्यांचं ते फडकं रेघोट्यांनी भरून गेलं. उर्बानोनं मागच्या वाटेनं निघायचा प्रयत्न केला, पण कॅप्टननं त्याला शहरातून पोलीस येईपर्यंत चॅपेलच्या ओट्यावर बसवून ठेवलं. त्याला कुणी मारलं नाही. त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं. जो तो घरी जाऊन आपापल्या जमिनीची भोकं तपासत होता.

गाडी निघताना पुरिंग खिडकीशी आली.

"तू खुर्ची मागे ओढलीस," ती म्हणाली.

"हो."

"ते मी विसरणार नाही." मग तिनं दार उघडलं आणि आत बसली. "सरक. इस्पितळात तुला पाणी कोण देणार?"

*

उजव्या पायाची दोन बोटं गेली. पाऊल वाचलं. आणखी थोडे दिवस काळीज आणि भात चालू राहिला असता तर गुडघ्याखाली काही उरलं नसतं, असं शल्यचिकित्सकानं स्पष्ट सांगितलं.

आता आरोग्य केंद्रात साखरेच्या रुग्णांचा वार असतो तेव्हा कोनरादा तिथे लाकडी बाकावर बसते आणि विचारणाऱ्याला, न विचारणाऱ्यालाही, सांगते. घरातसुद्धा अनवाणी चालू नका. चप्पल घालण्याआधी ती उलटी करून आपटा. रोज कोमट पाण्यानं पाय धुवा, पण पाणी कोपरानं तपासा, पायाला विचारू नका, तो सांगणार नाही. बेचक्या कोरड्या करा. कुरूप ब्लेडनं कापू नका. दिवसाउजेडी तळवा बघा. स्वतःला वाकता येत नसेल तर दुसऱ्याला बघायला सांगा. साधा फोड असला तरी इथे या. आणि दुखायचं थांबलं म्हणून गोळी सोडू नका.

एकदा एका तरुण कोळ्यानं तिला विचारलं, "पण माना, आस्वांग असते की नसते? खरं सांग."

बाकावरच्या सगळ्यांनी कान टवकारले. कोनरादानं थोडा विचार केला.

"मी रोज रात्री तिला घाबरले," ती म्हणाली. "आणि त्या भीतीनं मी डोळे मिटून राख झाडली. एकदा, एकदाच डोळे उघडे ठेवले असते तर त्याच दिवशी उंदराची पावलं दिसली असती. माझी बोटं राहिली असती. माझ्या मैत्रिणीची मडकी फुटली नसती. जो तुला सांगेल की बघू नको, त्याच्यावर विश्वास ठेवू नको, मग तो कुणीही असो. घाबरायला हरकत नाही, पोरा. मी अजूनही घाबरते, रोज सकाळी घाबरते. पण आता घाबरले की मी बघते. काढ तो बूट, तुझाही पाय बघू."